डाव्या हाताची मराठी

मला राग लवकर येतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढं वाचताना वाटायचं की ही बाई बिचाऱ्या नवऱ्यावर सारखी खेकसते कशाला. खेकसते, काय करणार. आमच्या शाळेच्या दाखल्याच्या खिडकीवर जे जे म्हणून उभे राहिलेत, त्यांना माझा आवाज पाठ आहे.

काष्टीजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी लिपिक आहे. एकटीच. दाखले, बोनाफाईड, जनरल रजिस्टर, दहावीचे फॉर्म, खात्याची पत्रं, सगळं माझ्याच टेबलावर. माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माहेरचं नाव इतक्या लवकर तोंडातून सुटत नाही. वडील शिक्षक होते आणि घरात शुद्धलेखनाचा धाक होता. बारावीनंतर त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. तिथले सर आमच्या बोटांवर रुमाल टाकायचे. नजर समोरच्या कागदावरच हवी. मान जरा खाली गेली की पट्टी बसायची. त्या पट्टीच्या जोरावर मी मिनिटाला चाळीस शब्दांची मराठीची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले. पुढं कॉम्प्युटर आला, सरकारी मराठी कीबोर्ड आला, तोही शिकले. आजही टाईप करताना मी बोटांकडे बघत नाही आणि पडद्याकडेही बघत नाही. याचा मला भारी गर्व होता.

मागच्या हिवाळ्यात, कारखाने चालू असताना, ट्रॉलीतून रस्त्यावर पडलेल्या उसावरून माझी स्कूटी घसरली. उजवं कोपर मोडलं. नगरला ऑपरेशन झालं, प्लेट बसली, हाडही जुळलं, पण एक नस दुखावली होती. मनगट वर उचललं जाईना. बोटं सगळी जागच्या जागी होती, फक्त सांगितलेलं ऐकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने लागतील, वर्ष लागेल, कदाचित पूर्ण येणारही नाही. चेंडू दाबा, गरम पाण्यात हात बुडवा. मी चेंडू दाबला. चेंडूला काही झालं नाही.

मार्चअखेर मुख्याध्यापक घरी भेटायला आले. सज्जन माणूस, माझ्यापेक्षा वयानं लहान. पोहे खाल्ले, हाताची चौकशी केली, मग हळूच म्हणाले, "मॅडम, निकाल लागला की एका दमात दोनशे मुलं दाखल्याला येतील. तुम्हाला त्रास होईल. स्वेच्छानिवृत्तीचा विचार करून बघा. कागद मी लवकर हलवीन."

मी चहाचा कप डाव्या हातानं खाली ठेवला. तो बशीवर आपटला. माझी अजून नऊ वर्षं नोकरी राहिली होती. आणि नोकरी म्हणजे काय नुसता पगार असतो? त्या खुर्चीत बसले की मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते, कुणाची आई नसते. गावातला मोठा माणूससुद्धा त्या खिडकीतून वाकून "मॅडम, तेवढं बघा ना" म्हणतो. ती खुर्ची गेली तर मी घरात बसून काय करणार होते, हे मला खरोखर माहीत नव्हतं.

"मी येणार," मी म्हणाले. "रजा संपली की येणार."

ते मग म्हणाले, "ठीक आहे. या. तुमचा रुजू अहवाल तुम्हीच टाईप करा आणि खिडकी उघडा. जमलं तर प्रश्नच मिटला. नाही जमलं तर मग आपण बोलू." यात त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. शाळा चालवायची त्यांना.

आता नवऱ्याबद्दल सांगते. आमच्याकडं ऊस, कांदा आणि चार गाई. हे दोनदा बारावीला बसले आणि दोन्हीदा इंग्रजीनं पाडलं. मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यावर त्याचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला होता, त्यावर हे फक्त धूळ पुसायचे. आणि यांची मराठी! लग्न झाल्यापासून मी दुरुस्त करत आले. "आमी नाही हो, आम्ही. पानी नाही, पाणी." त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "पानी म्हनलं तरी तहान भागतीच की." शाळेतल्या स्नेहसंमेलनाला हे आले की मी यांना हळूच सांगायचे, कुणाशी फार बोलू नका. आता लिहिताना लाज वाटते, पण सांगायचे हे खरं आहे.

मुख्याध्यापक गेले आणि मी कॉम्प्युटरपुढं बसले. म्हटलं, डावा हात तर शाबूत आहे. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. ज्यांनी हा मराठी कीबोर्ड वापरलाय त्यांना ठाऊक असेल. त्यात सगळे स्वर डाव्या हाताला आहेत आणि जवळजवळ सगळी व्यंजनं उजव्या हाताला. क, त, र, स, ह, प, ल, ग, द, ज, सगळी तिकडं. डावीकडं खालच्या ओळीत म, ण, न, व, एवढीच काय ती. डाव्या हाताला उजवीकडं न्यायचं म्हटलं तर तो तिथं परका. एकेक अक्षर शोधत बसायचं, परत यायचं, तोवर इकडची जागा हरवायची. मी "मी" लिहिलं. झटकन आलं. मग "आहे" लिहायला गेले आणि "आ"वर अडकले, कारण ह पलीकडं. शोधून दाबला तर तिथं ग आला. "मी आगे." मी शेजारचा टॉवेल उचलून भिंतीवर फेकला.

हे दारात उभे होते, धारेची बादली हातात. टॉवेल उचलून त्यांनी घडी घातली.

"डावीकडं काय काय हाय म्हनलीस?"

"काही नाही. जा तुम्ही."

"सांग की. काय काय हाय?"

मी रागारागात सांगितलं. आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ, सगळ्या मात्रा, अनुस्वार, आणि म, ण, न, व. यांनी गाईंची वही काढली. कोणती गाय कधी भरली, कधी विणार, ते लिहायची वही. त्यात मागच्या पानावर ही अक्षरं मला विचारत ओळीनं उतरवून घेतली आणि वही बंडीच्या खिशात घालून गेले.

चार-पाच दिवसांनी दुपारी जेवताना म्हणाले, "त्या काम्पुटरच्या डब्यात एक फुकाट सापटवेर टाकायचंय. आपुन बारका शब्द लिव्हायचा, त्यो लांबलचक करून देतो. मी बघितलंय मोबाईलवर. कांद्याला पानी देताना बांधावर बसून बघितलं."

"फुकट? फुकट कोण देतं का कुणाला?"

"देत्यात. लई लोक देत्यात."

मी नको म्हणाले. यांनी मी झोपलेली बघून दुपारीच ते उतरवून घेतलं. उठून बघते तर कॉम्प्युटरवर नुसता जत्रेचा गोंधळ. वजन कमी करा, भविष्य बघा, तुमच्या संगणकात शेकडो दोष आढळले आहेत, लगेच येथे दाबा. हे खुर्चीवर मान खाली घालून बसलेले. झालं असं होतं की त्या पानावर चार मोठी हिरवी बटणं होती, चारींवर "डाऊनलोड" लिहिलेलं, आणि यांनी सगळ्यात मोठं आणि सगळ्यात हिरवं ते दाबलं होतं. खरं बटण खाली कोपऱ्यात, बारीक निळ्या अक्षरात होतं. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारची जाऊबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली, एवढं सांगते.

यांनी दोन दिवस दुपारची विश्रांती सोडून तो सगळा कचरा एकेक करून काढला. नको असलेलं कुठून काढायचं, एखादी वस्तू बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच कशी घ्यायची, बसवताना "पुढे, पुढे" करत न सुटता प्रत्येक बारीक चौकोनातली खूण कशी काढायची, हे सगळं शिकले. वहीत लिहून ठेवलं: "हिरवं दिसलं की दाबायचं न्हाई." मग ते सॉफ्टवेअर आलं. छोटंसं, पेनड्राईव्हवर मावणारं. शाळेच्या कॉम्प्युटरवर काही बसवायचीही गरज नाही. आत कुठंतरी इंग्रजीत एक ओळ होती, हे कायम मोफत आहे, आवडलं तर मला एक कॉफी पाजा. मी अर्थ सांगितला.

"बघ," हे म्हणाले. "येवढं करून त्यो बाबा निस्ती कॉफी मागतोय. हितं आला आसता तर जेवूनच धाडला आसता."

त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. आता छोटे शब्द ठरवायचे होते, आणि ते फक्त डावीकडच्या अक्षरांत बसायला हवे होते. माझ्या डोक्यात "आआ", "ओए" असलं काहीतरी येत होतं. यांनी वही उघडली आणि वाचून दाखवलं. मामा. नाना. आई. मैना. नमन. ओवी. वेणी. सगळे डाव्या हाताचे. हा माणूस पाणी धरता धरता शब्द जुळवत होता.

"मामा म्हंजी तुमचं मुख्याध्यापक," हे म्हणाले. तर "मामा" लिहून स्पेस दाबली की आपोआप "प्रति, मा. मुख्याध्यापक साहेब" उमटायचं. "नाना" म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याचा पूर्ण मजकूर. "नमन" म्हणजे "महोदय, सविनय सादर करण्यात येते की". माझं नाव आणि हुद्दा कशाला द्यायचं यावर अडलं. हे म्हणाले, "समदं गाव तुला वैनीच म्हनतं. वैनी टाक."

"वैनी नाही हो, वहिनी," मी सवयीनं म्हणाले. "आणि ह डावीकडं नाही."

"म्हनून तर म्हनतोय. वैनीत न्हाई ह."

पत्राच्या शेवटी "आपली विश्वासू" कशानं आणायचं, ते उरलं होतं. हे जरा घुटमळत म्हणाले, "आमी टाकलं तर?"

मी कीबोर्डाकडे बघितलं. आ, म, ई. तिन्ही डावीकडं. "आम्ही" मला लिहिता येत नव्हतं, "आमी" येत होतं. जी मराठी मी इतकी वर्षं दुरुस्त करत बसले, जिच्यासाठी चारचौघांत यांना गप्प बसवलं, तीच माझ्या चालत्या हाताला येत होती. मला एकदम भरून आलं. हे घाबरले, म्हणाले, "नको आसंल तर ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "नाही. राहू दे. आमीच टाका."

असे मिळून साठेक शब्द झाले. काळी गाय कधी विणार त्याच्या खाली "नाना = दाखला", जर्सीला डॉक्टर कधी आला त्याच्या खाली "ओवी = तरी मला रुजू करून घ्यावे, ही विनंती". यांना "रुजू" या शब्दाची फार मौज वाटायची. "रुजायला टाइम लागतोच," म्हणायचे. "लगीच वर ये म्हनलं तर येतंय व्हय?"

मग हे थांबेचनात. आणखी एक फुकटचं आणलं, ते कुठलीही फाईल नावाची दोन अक्षरं टाकली की शोधून काढायचं. माझ्या पेनड्राईव्हमध्ये "नवीन", "नवीन खरं", "नवीन फायनल", "फायनल साहेबांचं" अशा नावांच्या फायलींचा उकिरडा होता, तो पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आला. आणखी एक आणलं, ते आधी कॉपी केलेल्या सगळ्या गोष्टी लक्षात ठेवायचं. शिफ्ट धरून ठेवायला दुसरा हात लागतो, तर एकदा दाबून सोडली तरी ती धरलेलीच राहते, अशी सोय कॉम्प्युटरमध्ये मुळातच होती. तीही यांनीच शोधली. मी इतकी वर्षं ऑफिसात काढली, मला यातलं एक ठाऊक नव्हतं.

गमतीही झाल्या. "आई"ला आम्ही "विद्यार्थ्याच्या आईचे संपूर्ण नाव" दिलं होतं. एकदा मी कॉम्प्युटरवरून मुलाला निरोप लिहिला, जेवत जा वेळेवर, आणि खाली "तुझी आई" लिहून पाठवून दिलं. त्याचा लगेच फोन. "आई, 'तुझी विद्यार्थ्याच्या आईचे संपूर्ण नाव' म्हणजे कोण गं?" तो हसून हसून बेजार. मी त्याला झापलं आणि फोन ठेवून मग मीही हसले. त्या अपघातानंतर मी पहिल्यांदा इतकी हसले असेन.

रोज सकाळी धारा झाल्या की मी तासभर सराव करायचे. खुर्चीत बसायचं, कॉम्प्युटर चालू असायचा, पेनड्राईव्ह लावलेला असायचा, नजर कागदावर, आणि डावा हात चालू. अहवाल सात शब्दांत बसवला होता. मामा, नमन, मैना, नवं, ओवी, आमी, वैनी. मैना म्हणजे "मी वैद्यकीय रजेवर होते". नवं म्हणजे "आज पूर्वान्ही कामावर रुजू होत आहे". सात शब्द की अख्खा अहवाल तयार.

जूनमध्ये तो दिवस उगवला. यांनीच मोटरसायकलवरून सोडलं. फाटकापाशी मी म्हणाले, "तुम्ही जा, उसाला पाणी सोडायचंय ना." हे गेले. ऑफिसात माझी खुर्ची कुणीतरी पुसून ठेवली होती. मुख्याध्यापक त्यांच्या टेबलापाशी, शेजारी प्रिंटर, दोन शिक्षक हजेरीपुस्तकावर सह्या करत होते. खिडकीबाहेर निकालवाल्या मुलांची रांग लागायला सुरुवात झाली होती. मी पेनड्राईव्ह लावला, कागद समोर ठेवला आणि नजर त्यावर खिळवून सात शब्द टाईप केले. अर्धं मिनिटही लागलं नसेल. डाव्या हातानं माऊस धरून प्रिंटवर दाबलं. ऊर असा भरून आला होता माझा.

मुख्याध्यापकांनी कागद उचलला. वाचला. परत वाचला. मग मोठ्यानं वाचला, बहुतेक आपण चुकीचं वाचतोय असं वाटून.

"मामा, नमन. मैना नवं ओवी. आमी, वैनी."

एक शिक्षक फिस्सकन हसला. मुख्याध्यापक हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. ते उठून माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, अपघातात डोक्याला वगैरे काही लागलं नव्हतं ना?"

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. मी कागद त्यांच्या हातातून ओढला. "आलेच," म्हणाले आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन यांना फोन लावला. मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

"मी घरी येते," मी म्हणाले. "संपलं सगळं. तुमचा मामा मामाच राहिला. सगळ्या ऑफिससमोर माझी शोभा झाली. म्हटलं होतं मी, फुकटचं नको."

"आरं देवा. त्यो चालू केल्ता का?"

"म्हणजे? पेनड्राईव्ह लावला की."

"निस्ता लावून न्हाई व्हत. आत जाऊन त्याच्यावर दोनदा टकटक करावं लागतं."

"घरी कधी केलं मी?"

मागचा मोटारीचा आवाज जरा लांब गेला. मग म्हणाले, "तू बसायच्या आदी मी करत हुतो. धारा काढून आलो की. डबाबी चालू करून ठिवायचो."

"रोज?"

"व्हय. तुझं आपलं आपुन चालतंय आसं तुला वाटायचं. बरी दिसायचीस तवा. म्हनून न्हाई सांगितलं. अन् आज सांगायचं ध्यानातनंच गेलं."

मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्हीतलं काय आधी करावं ते कळेना. शेवटी राग आला तोच बरा, त्यानं पाय तरी चालतात. "ठेवा फोन," म्हटलं आणि ठेवला. पदरानं तोंड पुसलं आणि ऑफिसात शिरले.

"सर, दोन मिनिटं," मी म्हणाले. "माझी चूक झाली. परत लिहिते. तुम्ही इथं उभे राहून बघा."

पेनड्राईव्ह उघडला, दोनदा टकटक केलं. खाली कोपऱ्यात एक बारकी खूण उमटली. ती मी इतक्या दिवसांत कधी बघितलीच नव्हती, कारण पडद्याकडे बघायचं नाही हा माझा गर्व. या वेळी मी पडद्याकडे बघत टाईप केलं. मामा लिहून स्पेस दाबली आणि "प्रति, मा. मुख्याध्यापक साहेब" झालं. नमन, मैना, नवं, एकेक शब्द वळत गेला. आमीचं "आपली विश्वासू" झालं आणि त्याखाली माझं नाव आलं, हुद्द्यासकट. माझं नाव असं पूर्ण छापलेलं शाळेतल्या पडद्यावर बघून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही.

मुख्याध्यापक वाकून बघत होते. मघाचा तो शिक्षकही जवळ आला होता. "हे काय आहे मॅडम?" मुख्याध्यापकांनी विचारलं. मी सांगितलं. कुणी केलं, तेही सांगितलं. गाईंच्या वहीचंही सांगितलं. त्यांनी प्रिंट काढली, खिशातून पेन काढून अहवालावर "रुजू करून घेतले" असं लिहिलं आणि सही केली. मग मला म्हणाले, "खिडकी उघडा. रांग मोठी झालीय."

खिडकी उघडली. पहिला दाखला निघायला दहा मिनिटं लागली. नंतर नंतर जमत गेलं. रजिस्टर शिपाईमामा काढून देत होते, मी नाव आणि तारखा एकेक अक्षर शोधून भरत होते, बाकीचा मजकूर "नाना" घालत होता. फोन पर्समध्ये थरथरत होता, पण घ्यायला हात कुठला? आणि खरं सांगायचं तर राग अजून उतरला नव्हता. पंधरा-सोळा दाखले झाले असतील. पुढचा माणूस खिडकीशी आला आणि नुसताच उभा राहिला.

"अर्ज द्या," मी वर न बघता म्हणाले.

"अर्ज न्हाई."

मी मान वर केली. हे होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टोपी हातात. पुढं दहावीची पोरं, मागं दहावीच्या पोरी, आणि त्यांच्यामध्ये हे नंबर लावून, उन्हात उभे राहून खिडकीपर्यंत आले होते.

"अहो, रांगेत कशाला उभे राहिलात? सरळ आत यायचं ना!"

"आत कसं यायचं? काय झालंय ते ठावं न्हाई. तू फोन उचलंना. तुझ्या सायेबाम्होरं मी काय बोलनार, अन् आनखी काय बिगाडलं तर? म्हनलं, लाइनीत ऱ्हावावं. घरी यायचं आसंल तर गाडी आनलीया." मग त्यांनी खिडकीतून आत, टेबलावरच्या दाखल्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "नोकरी ऱ्हायली का?"

मला हुंदका आवरला नाही. सगळ्या रांगेसमोर, मुख्याध्यापकांसमोर मी रडले. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"राहिली," मी म्हणाले.

यांनी टोपी डोक्यावर घातली. मागच्या मुलीला म्हणाले, "हो म्होरं, बाई. हो." आणि मला म्हणाले, "मग जातो मी. मोटार चालूच ठिवून आलोय, समदं पानी रस्त्याला लागलं आसंल."